पहिला थेंब

यंत्र खोटं बोलत नाही, हे ताओ रुइलाननंच साऱ्या जगाला पटवून दिलं होतं. आता त्याच यंत्रानं तिच्या माणसाकडे बोट दाखवलं, तेव्हा तक्रार करायलाही तिला जागा उरली नव्हती.

खुनमिंग शहराच्या कडेला टेकडीवर तिची विषाणू प्रयोगशाळा होती. तिथल्या सभागृहात चौकशी समिती बसली होती. सगळ्यांसमोर झाकणाचे चहाचे पेले होते. पडद्यावर यंत्राचं उत्तर झळकत होतं: 'हात – तुंग घराणं.'

"घराणं म्हणजे?" अध्यक्ष लिआंग यांनी विचारलं. त्यांना अर्थ ठाऊक होता. पण ठाऊक असलेलं दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायची त्यांना भारी हौस.

"म्हणजे आमचे तुंग गुरुजी आणि त्यांच्या हाताखाली हे काम शिकलेले," रुइलान म्हणाली.

"किती जण?"

"तिघं. गुरुजी स्वतः, मी आणि डॉक्टर महेंद्र ढमाले."

"तुंग गुरुजी जाऊन चार वर्षं झाली. हे यंत्र तुम्ही बनवलंत, आणि चोर काही आपणहून राखणीला कुत्रा पाळत नाही. मग राहिलं कोण, प्राध्यापक ताओ?"

रुइलाननं पेल्यावरचं झाकण उगाचच सरळ केलं.

"ढमाले," ती म्हणाली.

तिचं यंत्र सगळीकडे 'पारखी' म्हणून ओळखलं जाई. त्यामागची कल्पना तशी साधी होती. विषाणू म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर. एकच गोष्ट पाणी म्हणूनही लिहिता येते, जल म्हणूनही आणि उदक म्हणूनही. त्या मजकुरातही तसंच आहे. प्रयोगशाळेत विषाणूचे तुकडे जोडणारा माणूस कुठे कोणता शब्द वापरतो, सांधा कुठे घेतो, हे ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. जोड पाहून जुना सराफ सोनाराचं नाव सांगतो, तसं पारखी विषाणू वाचून हात ओळखायची. शिष्यांच्या हातात गुरूची लकब उतरते, म्हणून घराणंही ओळखायची.

पारखीला आणखी दोन गोष्टी कळायच्या. हात फिरल्यानंतर विषाणू जगत राहिला की त्याच्या मजकुरात बारीकसारीक चुका साठत जातात. त्या मोजून मध्ये किती वर्षं गेली ते ती सांगे. आणि विषाणू ज्या शरीरात राहतो त्या शरीराची घासणी, म्हणजे तिथे राहून पडलेली खूणही त्याच्यावर उमटते, बदकाची वेगळी, डुकराची वेगळी. पण यंत्र विचारलं तेवढंच सांगतं. समितीला एकच प्रश्न पडला होता, हात कोणाचा?

पारखी आली आणि जगातल्या प्रयोगशाळांची झोप उडाली. कुठे साथ आली की आधी 'कोणी केलं?' आणि मग 'औषध काय?' असा उलटा क्रम लागला. विद्यार्थी गुरूची लकब उचलायला घाबरू लागले. काही तर मुद्दाम वेडेवाकडे सांधे घेऊ लागले, उद्या गुरूच्या पापात आपलं नाव नको म्हणून. रुइलानला मात्र मानसन्मान मिळाले. तंबाखू पिकवणाऱ्या खेड्यातली ही मुलगी. लहानपणापासून नाक वाहतंय आणि पोट बिघडलंय. आई म्हणे, हिला औषधाच्या दुकानातच जन्माला घालायला हवी होती. आता पंचेचाळिशीतही आल्याच्या गरम पाण्याचा थर्मास तिच्या हातून सुटत नसे. सहकारी त्याला तिचा दुसरा नवरा म्हणत. पहिला केव्हाच घर सोडून गेला होता.

या मुलीला घडवलं तुंग गुरुजींनी. चिनीत गुरुजींना लाओशी म्हणतात. हे लाओशी तरुणपणी खेडोपाडी अनवाणी हिंडून डुकरांना आणि बदकांना लशी टोचत फिरलेले. त्यांच्या पिढीचा एक दंडक होता: आपण केलेल्या लशीचा पहिला थेंब आपल्या जिभेवर.

"शेतकरी बदक हातात धरतो, त्याची पोरं बदकांच्या घाणीत लोळतात," ते म्हणत. "ही लस तुम्हाला बाधणार नाही, असं ज्या तोंडानं त्याला सांगायचं, त्या तोंडात ती आधी पडली पाहिजे."

महेंद्र ढमाले त्यांच्याकडे आला तो जुन्नरकडचा गुरांचा डॉक्टर. कोंबड्या-बदकांच्या रोगांवर शिकायचं म्हणून थेट चीनच्या या युनान प्रांतात येऊन पडला. वर्षभरात चिनी बोलायला लागला, दोन वर्षांत चिनीत भांडायला. रुइलानच्या आधी आला म्हणून ती त्याला 'शीश्युंग' म्हणे, म्हणजे थोरला गुरुबंधू. तो तिला 'शीमेई' म्हणे, धाकटी गुरुभगिनी. आपल्याकडे हे नातं कागदावर राहिलं असेल, तिथे ते रक्ताच्या नात्याइतकं चालतं.

दोघांनी मिळून गुरुजींसाठी एक विषाणू शिवला. बदकतापाचा मूळ विषाणू घेऊन त्याचे दात काढले आणि त्याची थेंबांची लस बनवली. लस तयार झाली त्या सकाळी तिघं खिडकीपाशी ओळीनं उभी राहिली आणि गुरुजींनी एकेक थेंब दिला. रुइलाननं डोळे मिटून तीर्थासारखा गिळला. पुढे ती लस बदकांपर्यंत पोचलीच नाही. दुसऱ्या कोणाची स्वस्त लस आधी बाजारात आली आणि गुरुजींच्या सगळ्या कुप्या भट्टीत गेल्या. निदान कागदोपत्री तरी.

आणि आता तोच विषाणू, दात परत आलेला, माणसं मारत सुटला होता.

*

पहिला ताप श्याओवानला आला. तळ्याकाठचं हे गुरुजींचं गाव. गुरुजींच्या मागं तिथे त्यांची बायको राहत होती. गुरुपत्नीला तिकडे शीमू म्हणतात. शीमूंची भातखाचरं होती आणि त्या खाचरांत सोडलेली बदकं. बदकं तण आणि किडे खात, शीमू त्यांना शिव्या देत, आणि दोघांचंही बरं चाललं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येतो, पितरांच्या थडग्यांची साफसफाई करून त्यांना जेवू घालायचा सण. गुरुजी गेल्यापासून दोन्ही शिष्य दरवर्षी या सणाला श्याओवानला जात. रुइलान चांगली आठवडाभर राही. महेंद्र दोन दिवसांसाठी येई, पाडव्याच्या आगेमागे विमानात बसून, आणि येताना बर्फाच्या पेटीतून शीमूंसाठी श्रीखंड आणी. शीमू ते तिखटाच्या लोणच्याबरोबर खात. महेंद्र कपाळाला हात लावी.

या वर्षीही तसंच झालं. महिनाभरात गावातली बदकं माना टाकू लागली. मग माणसं. शीमू सातव्या की आठव्या होत्या. रुइलान पोचली तेव्हा त्या काचेपलीकडे होत्या आणि त्यांचा श्वास बाहेर ऐकू येत होता. काचेवर हात ठेवून रुइलाननं त्यांना शब्द दिला, "ज्यानं हे केलं त्याला मी शोधून काढीन, शीमू." हा शब्द तिनं मनापासून दिला होता. आईच्या वेळी ती परदेशात होती. रडायचं राहून गेलं होतं. ते सगळं रडणं तिनं इथे रडून घेतलं.

त्यानंतर पारखीचं उत्तर आलं आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ती बर्फाची पेटी! चार वर्षं ती पेटी तिच्या डोळ्यांसमोरून गेली होती आणि तिनं कधी झाकण उघडून पाहिलं नव्हतं.

शीमूंच्या अंत्यविधीला आलेल्या महेंद्रला समितीनं परत जाऊ दिलं नाही. एका अतिथिगृहात ठेवलं आणि त्याचा पासपोर्ट 'जपून ठेवायला' घेतला. पारखीच्या हिशेबानं विषाणूवर हात फिरल्याला बारा-तेरा वर्षं झाली होती आणि एवढी वर्षं तो कुठेतरी जिवंत होता. गोठवलेल्या कुपीत काळ थांबतो, चुका साठत नाहीत. म्हणजे कोणीतरी एक कुपी भट्टीतून वाचवली आणि विषाणू बदकांत पाळला. महेंद्र आता जुन्नरला कोंबड्या-बदकांचं संशोधन केंद्र चालवत होता, तिथे बदकं होतीच. लिआंगसाहेबांचं गणित सुटलं होतं.

समितीपुढे त्याला गुरुजींच्या प्रयोगशाळेबद्दल विचारलं, तेव्हा तो धडाधड उत्तरं देत गेला. थेंबांच्या सकाळपाशी आला आणि अडखळला.

"तिघांनीही लस घेतली?" लिआंगनी विचारलं.

"हो."

"मग उरलेल्या थेंबांचं काय झालं? ड्रॉपर कोणाकडे होता?"

महेंद्रनं खाली पाहिलं. त्याचे कान लाल झाले. "आठवत नाही," तो म्हणाला.

रुइलान त्याला वीस वर्षं ओळखत होती. त्याला आठवत नाही असं काही नसतं. पहिल्या वर्षी कॅन्टीनमधल्या बाईनं त्याला फसवून डुकराचं मांस वाढलं होतं, ते तो अजून तारखेनिशी सांगे. हा खोटं बोलतोय, तिच्या मनानं घेतलं.

बाहेर व्हरांड्यात तो तिच्यासमोर उभा राहिला. "शीमेई, तू माझं नाव घेतलंस?"

"यंत्रानं घेतलं."

"यंत्राला तोंड तू दिलंस."

"मग तू सांग ना, त्या सकाळी काय झालं होतं?"

शिपायानं दार उघडलं आणि महेंद्र निमूट आत गेला.

*

शेवटची बैठक आठवड्यावर आली, आणि सुइशानला ताप आला.

सुइशान हे डोंगरातलं गाव, श्याओवानपासून दिवसभराच्या वाटेवर. दोन्ही गावांत ना बदकांची ने-आण, ना सोयरीक. नमुने तिथून आले, रुइलाननं पारखीला दिले. हात तोच. पण हा श्याओवानच्या विषाणूचा पोरगा नव्हता. त्याचा भाऊ होता. एकाच मुळातून दोन्ही गावांत वेगवेगळा गेला होता. आणि सुइशानला तो पोचला तेव्हा महेंद्र अतिथिगृहात कुलपाआड होता.

म्हणजे विषाणूची बाटली खिशात घालून दुसरंच कोणीतरी हिंडत होतं.

"साथीदार," लिआंग म्हणाले आणि त्यांनी रुइलानकडे अंमळ जास्तच वेळ पाहिलं. "सुइशानला साथीच्या आधी बाहेरचं कोण गेलं होतं, प्राध्यापक ताओ?"

"मी," ती म्हणाली. "आजूबाजूच्या गावांतली निरोगी बदकं तपासायला. तुम्हीच पाठवलं होतंत."

"हो, हो. मीच." त्यांनी चहाचा घोट घेतला.

त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलाशी कोणी बसेना. ताट घेऊन येणारी माणसं वाटेत काहीतरी आठवल्यासारखी वळत. तिच्या खोलीतला संगणक कोणीतरी हलवून ठेवला होता. आजवर हे सगळं ती दुसऱ्यांच्या वाट्याला वाढत आली होती. आता तिच्या पानात पडलं. आणि ती काय करत होती? ती ड्रायव्हरवर संशय घेत होती. जिथे मी जाते तिथे ताप येतो, म्हणजे माझ्या मागावर कोणीतरी आहे, मला अडकवू पाहतंय. तिनं गाडीच्या डिकीत हात घालून पाहिलं, सीटखाली पाहिलं. ड्रायव्हर छातीवर हाताची घडी घालून बघत उभा होता. तिला लाज वाटली, पण तिनं शोधणं थांबवलं नाही.

सुइशानला ती ज्या घरी उतरली होती, त्या घरची धाकटी मुलगी आजारी होती. हे तिला आतून खात होतं. बदकं हाताळताना तिनं डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवला होता. मग पोशाख उतरवून त्या घरी जेवली होती, मागच्या अंगणातल्या संडासात गेली होती आणि सकाळी पोरीच्या वेण्या घालून निघाली होती.

*

शेवटी ती अतिथिगृहावर गेली. महेंद्र खिडकीत बसून बाहेरच्या बागेतल्या म्हाताऱ्यांचा व्यायाम बघत होता. त्याची दाढी वाढली होती.

"सुइशानला कोणाला पाठवलंस?" तिनं उभ्यानंच विचारलं.

"आयला!" तो मराठीत म्हणाला, मग चिनीत वळला. "मला इथून वाण्याकडे पाठवत नाहीत, मी कोणाला कुठे पाठवू?"

"मग त्या सकाळचं खरं सांग. तू तिथे खोटं बोललास. मी बघितलेत तुझे कान."

महेंद्रनं दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"मी थुंकलो."

"काय?"

"तो थेंब. गुरुजींनी जिभेवर टाकला, मी तोंड मिटलं, मान हलवली आणि बाहेर जाऊन बेसिनमध्ये थुंकलो. चार वेळा चुळा भरल्या. शीमेई, माझी बायको तेव्हा पोटुशी होती. घरापासून तीन हजार किलोमीटरवर कुठलासा जिवंत विषाणू गिळायचा, माझी छातीच होईना. आणि गुरुजींनी मला सगळ्यांसमोर जवळ घेतलं. म्हणाले, हा परका असून घराण्याचा निघाला." त्यानं नाक पुसलं. "समितीत ते नोंदवून घेत होते. उद्या ते शीमूंच्या गावात वाचलं जाईल, सगळ्या जगात वाचलं जाईल. गुरुजींशी खोटं बोललो, हे कसं सांगू? मेलेल्या माणसाची माफीही मागता येत नाही."

रुइलाननं इतके दिवस ज्या गाठीला चोराची गाठ समजून घट्ट धरून ठेवलं होतं, ती सुटली आणि आत निघाला एक भित्रा तरुण नवरा. तिला हसू यायला हवं होतं.

"म्हणजे तुझ्या पोटात तो गेलाच नाही," ती सावकाश म्हणाली.

"नाही. गेला तो गुरुजींच्या आणि तुझ्या." महेंद्र कडवट हसला. "तू तर थेंब मागून घ्यायला निघाली होतीस."

ती खाली बसली. हातातल्या थर्मासचं झाकण तिनं उघडलं आणि न पिता परत लावलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. पोट." ती उठली. "माझं पोट, शीश्युंग. माझं पोट कधीच बरं नसतं."

*

त्या दुपारी तिनं पारखीला न विचारलेला प्रश्न विचारला. हा विषाणू इतकी वर्षं कुठे राहिला?

उत्तराला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. घासणी बदकाची नव्हती. माणसाची होती. आणि साथीसारखी एकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या माणसांची नव्हे, एकाच माणसाची.

हे असं होऊ शकतं, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. आपल्या आतड्यांच्या अस्तरावर शरीराचे पहारेकरी असतात. काही माणसांत त्यातली एक तुकडी जन्मतःच नसते. अशा माणसाला फारसं काही होत नाही, सर्दी, पडसं, पोटाच्या कुरबुरी. पण जिवंत लशीचा विषाणू अशा पोटात गेला, तर तो बाहेर काढला जात नाही. बिऱ्हाड करून राहतो. वर्षानुवर्षं विष्ठेतून बाहेर पडत राहतो आणि हळूहळू बदलत जातो. आधी बिनदाताचा असतो. मग एकेक दात फुटतो.

श्याओवानला शीमूंच्या घरी जुन्या पद्धतीचा संडास होता. त्यातलं सोनखत बागेत जाई, बागेतलं पाणी खाचरात आणि खाचरात बदकं. पहिली तीन वर्षं निभावलं. चौथ्या वर्षी दात पुरे आले होते.

तिनं स्वतःचा नमुना घेतला आणि स्वतःच तपासला. यात लाजण्यासारखं काय, गुरुजी म्हणत, डॉक्टरानं आणि आईनं घाणीला नाक मुरडू नये. संध्याकाळ व्हायच्या आत पडद्यावर ओळ उमटली आणि ती त्या ओळीसमोर बसून राहिली. शीमू आठवल्या. श्रीखंडाच्या वाटीत लोणचं कालवणाऱ्या शीमू. सुइशानची ती मुलगी आठवली, वेणीत निळी रिबीन हवी म्हणून हट्ट करणारी. हे मी केलं, ती मनाशी म्हणाली. मग तिच्या तोंडून मोठ्यानं निघालं.

आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला. माणूस आहे, येतोच. हा प्रश्न समितीनं विचारलेला नाही. विचारणारही नाही. पुसून टाकला तर पडदा पुन्हा पांढरा. उद्या महेंद्रचा निकाल लागेल. आपण कुठल्याशा दवाखान्यात गुपचूप उपचार घेऊ, शहरातल्या नळाच्या संडासाबाहेर पाऊल टाकणार नाही. गुरुजींचं नाव राहील, यंत्राचं राहील, आपलं राहील. एकाच माणसाचं जाईल, आणि तो तसाही गुरूशी खोटं बोललेला.

शेवटचं वाक्य मनात आलं मात्र, तिला स्वतःची किळस आली. इतके दिवस ती प्रत्येकाच्या डोळ्यांत चोर शोधत होती. खरा चोर कसा दिसतो, ते तिला आत्ता कळलं. बरा शहाण्यासारखा बोलतो तो.

*

सकाळी सभागृहात ती शिरलीच नाही. मास्क लावून, हातमोजे घालून दारात उभी राहिली. महेंद्र लांबच्या खुर्चीत होता, त्याच्या बाजूला शिपाई.

"आत या, प्राध्यापक ताओ," लिआंग म्हणाले.

"इथूनच बोलते. तुम्ही जी बाटली शोधताय ती सापडली आहे."

लिआंग खुर्चीतून पुढे झुकले.

"कुठे आहे?"

"ती मी आहे."

मग तिनं थेंबापासून सगळं सांगितलं, न थांबता. पडद्यावर यंत्राची दोन्ही उत्तरं दाखवली. गुरुजींच्या दंडकाबद्दल सांगतानाही तिनं त्यांना पाठीशी घातलं नाही. "ते धाडसी होते आणि चुकले. आम्ही आज्ञाधारक होतो, आम्हीही चुकलो. थेंब घेतल्यावर वर्षानुवर्षं तपासत राहायला हवं होतं. ते कोणाच्याच मनात आलं नाही, कारण थेंब गिळणं हेच आम्हाला पुरेसं मोठं वाटलं. डॉक्टर ढमालेंच्या शरीरात विषाणू नाही. त्यांची तपासणी करा आणि त्यांना घरी जाऊ द्या."

लिआंगनी समोरचा पेला दोन बोटांनी हळूच लांब सरकवला. मागच्या बैठकीत तिनंच सगळ्यांना चहा ओतला होता.

"तुमच्या नमुन्याशी कोणी छेडछाड केली नसेल कशावरून?" त्यांनी विचारलं. संशयाची सवय सुटत नाही.

"नवा नमुना घ्या," ती म्हणाली. "मला कोंडा, म्हणजे भरपूर मिळतील."

महेंद्र उठून उभा राहिला होता. शिपायानं त्याला धरलं नाही. "आमच्याकडे म्हण आहे," तो कसाबसा म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." कोणाला कळलं नाही, आणि तो तोंड फिरवून रडायला लागला.

*

सुइशानची मुलगी वाचली. रुइलानला हे काचेच्या खोलीत कळलं आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

खोलीत पलंग होता, खुर्ची होती, भिंतीवर फोन होता. जगात तिची बरीच नालस्ती झाली. लस करणारीच विष निघाली, असं लोक म्हणाले. पारखी मात्र चालू राहिली, आणि तिच्यापुढे आता पहिला प्रश्न बदलला होता. आधी 'कुठे राहिला?' विचारायचं, मग 'हात कोणाचा?'. त्यामुळे तीन ठिकाणी जुन्या जिवंत लशींचे असेच नकळत झालेले वाहक सापडले. कुठल्याही प्रयोगशाळेचा दोष नव्हता. एका म्हाताऱ्या प्राध्यापकाला तुरुंगातून सोडलं. ही बातमी रुइलाननं पुन्हा पुन्हा वाचली.

तिच्या पोटातला पाहुणा मात्र जायला तयार नव्हता. पहारेकऱ्यांची जी तुकडी तिच्याजवळ नव्हती, ती बाहेरून आणायला हवी होती.

थंडी पडली आणि तळ्यावर सीगल पक्षी आले. त्याच सुमारास महेंद्र आला. जुन्नरच्या त्याच्या कोंबड्यांना त्यानं मेलेला विषाणू टोचला होता. कोंबडी त्याविरुद्धचे पहारेकरी आपल्या अंड्याच्या बलकात भरते, पिल्लाला शिदोरी म्हणून. ती शिदोरी त्यानं बलकातून वेगळी काढली होती. काचेपलीकडे त्यानं बाटली धरली. आत पिवळसर पाणी होतं.

"पोटातून घ्यायचं," तो फोनवर म्हणाला. "रोज. महिने लागतील. लागू पडेल असं वाटतंय."

"वाटतंय?"

"कोंबड्यांना विचारलं, त्या काही सांगेनात."

मग तिनं जे विचारायचं ते विचारलं. "शीमूंना मी मारलं. तुला राग येत नाही?"

"येतो," महेंद्र म्हणाला. "तुझा येतो, गुरुजींचा येतो. आणि माझा सगळ्यात जास्त. मी थुंकलो हे तेव्हाच सांगितलं असतं, तर गुरुजींनी मला हाकललं असतं. पण मग न थुंकलेल्यांचं काय होईल, असा प्रश्न कोणाला तरी पडला असता. पुढच्या छिंगमिंगला मी जाईन श्याओवानला. तुझ्या वाट्याची उदबत्ती लावीन. श्रीखंडही ठेवीन."

"लोणचं विसरू नकोस."

"नाही विसरणार."

बाजूला उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरीणबाई घसा खाकरून म्हणाल्या, "हे औषध अजून कुठल्याही माणसानं घेतलेलं नाही. त्यामुळे परवानगी असली तरी मी–"

"थांबा जरा," महेंद्र म्हणाला.

त्यानं बाटली उघडली. ड्रॉपर भरला. रुइलानला नीट दिसावं म्हणून काचेच्या अगदी जवळ आला, जीभ बाहेर काढली आणि जिभेवर एक थेंब टाकला. त्यानं तोंड मिटलं. कंठमणी वर गेला, खाली आला.

रुइलान बघत होती. डोळे भरून आले तरी तिनं पापणी मिटली नाही. मग तिनं फोन उचलला.

"जीभ उचल," ती म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं आणि शाळेतल्या पोरासारखी जीभ टाळूला लावली. खाली काही नव्हतं. तिनं डावीकडे दाखव म्हटलं, त्यानं डावा गाल ताणून दाखवला, मग उजवा. डॉक्टरीणबाई या दोन पिकल्या केसांच्या शास्त्रज्ञांकडे बघत राहिल्या.

"गिळला," महेंद्र म्हणाला. "कडू आहे, मरो ते. आता तू."

रुइलाननं मास्क खाली ओढला आणि जीभ बाहेर काढली.